वसूल भागभांडवलाचा आकडा : साप्ताहिक विवरण आणि वार्षिक अहवाल यांचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

नागरी सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल हा महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरात नेमाने येणारा आणि क्वचितच वाचला जाणारा मजकूर आहे. सभेची सूचना, अध्यक्षांचे मनोगत, आदरांजली आणि त्यानंतर सांपत्तिक स्थितीचा तुलनात्मक तक्ता असा त्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. तक्त्यातील पहिल्या काही ओळींत सभासद संख्या आणि वसूल भागभांडवल यांना स्थान असते. ठेवी, कर्जे, निव्वळ नफा व लाभांश पुढे येतात. भागभांडवलाच्या ओळीत मागील वर्षापेक्षा वाढ दिसली की मनोगतात तिचा उल्लेख ‘सभासदांच्या विश्वासाचे द्योतक’ अशा शब्दांत होतो. हा अर्थ इतका रूढ झालेला आहे की तो तपासून पाहण्याची गरज सभेत कोणालाही वाटत नाही.

प्रस्तुत लेखात या रूढ अर्थाची चिकित्सा केली आहे. वसूल भागभांडवल हा आकडा कशामुळे वाढतो, कशामुळे घटतो आणि त्याची हालचाल कोणाला, किती वारंवार दिसते, हे प्रश्न वरवर पाहता केवळ हिशेबनिसाचे वाटतात. परंतु उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर यांसारख्या पट्ट्यात, जिथे व्यापाऱ्याचे कॅश क्रेडिट, कारखानदाराचे खेळते भांडवल आणि चाकरमान्याचे गृहकर्ज या तिन्हींसाठी सहकारी बँक हा नेहमीचा पर्याय राहिला आहे, तेथे हजारो कुटुंबांचा पैसा या एका ओळीत अडकलेला असतो. तो ठेव नसतो, म्हणून त्याला विमा नसतो. तो शेअर बाजारातील समभाग नसतो, म्हणून त्याला भाव नसतो. अशा पैशाचे विवरण वर्षातून एकदा, तेही निव्वळ स्वरूपात देणे पुरेसे आहे काय, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

साप्ताहिक विवरणाची परंपरा

बँकेची स्थिती दर आठवड्यास जाहीर व्हावी ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील १८४४च्या बँक सनद कायद्याने बँक ऑफ इंग्लंडला साप्ताहिक विवरण प्रसिद्ध करणे भाग पाडले. त्या विवरणात मालकांचे भांडवल १,४५,५३,००० पौंड अशी एक ओळ असे. १८१६पासून हा आकडा बदललेला नाही. दोन महायुद्धे झाली, १९४६ साली बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी ओळ तीच राहिली.

भारतीय रिझर्व्ह बँकेने हीच परंपरा स्वीकारली. १९३४च्या कायद्यातील कलम ५३ अन्वये साप्ताहिक लेखा सरकारला सादर करावा व तो राजपत्रात प्रसिद्ध व्हावा अशी तरतूद आहे. बँकेचे भांडवल ५ कोटी रुपये. १९३५ साली ते प्रत्येकी १०० रुपयांच्या ५ लाख भागांत विभागलेले व पूर्ण भरणा झालेले होते. १ जानेवारी १९४९ रोजी राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा भागधारकांना दर भागामागे ११८ रुपये १० आणे मोबदला देण्यात आला, पण भांडवलाचा आकडा ५ कोटींवरच राहिला व आजही तो तेवढाच आहे. दर शुक्रवारी येणाऱ्या साप्ताहिक सांख्यिकी पुरवणीत नोटा, परकीय चलन, ठेवी यांची हालचाल अभ्यासक उत्सुकतेने पाहतात. भांडवलाच्या बाबतीत मात्र पाहण्यासारखे काही नसते, कारण ते हलतच नाही.

अमेरिकेतील स्थिती वेगळी आहे. फेडरल रिझर्व्हच्या दर गुरुवारी प्रसिद्ध होणाऱ्या एच.४.१ या विवरणात ‘भरणा भांडवल’ ही ओळ असते आणि ती हलते. १९१३च्या कायद्यानुसार प्रत्येक सदस्य बँकेने आपल्या भांडवल व अधिशेषाच्या ६ टक्के इतके भाग आपल्या विभागीय रिझर्व्ह बँकेत घ्यावयाचे असतात. त्यांपैकी निम्मी रक्कम भरलेली असते, उरलेली मागणी होताच भरावयाची असते. सदस्य बँकेचे स्वतःचे भांडवल वाढले की ही वर्गणी वाढते, घटले की घटते. म्हणजे मध्यवर्ती संस्थेच्या भांडवलाची ती ओळ सदस्यांच्या प्रकृतीची दूरस्थ नाडी ठरते. हे भाग बाजारात विकता येत नाहीत, त्यांना दर्शनी किमतीखेरीज किंमत नाही आणि त्यांच्यावरील लाभांशाला कायद्याची मर्यादा आहे. सहकारी बँकेच्या भागाशी असलेले हे साम्य ध्यानात घेण्यासारखे आहे.

या तीन उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. विवरण साप्ताहिक असल्याने ते आपोआप बोधप्रद होत नाही. आकडा हलू शकणारा हवा आणि त्याच्या हालचालीमागील कारण शोधता येणारे हवे. नागरी सहकारी बँकेचे भागभांडवल या दोन्ही कसोट्यांना उतरते, आणि तेच नेमके वर्षातून एकदा दाखवले जाते.

भाव नसलेला भाग

कंपनीच्या समभागाला बाजारात भाव असतो. हा भाव चुकीचा असू शकतो, वेडापिसाही होऊ शकतो. मुंबईने ते १८६५मध्ये अनुभवले आहे. अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाला आलेल्या तेजीत शहरात बँका, वित्तीय मंडळ्या आणि भरणी कंपन्यांचे पीक आले. ५,००० रुपये भरणा असलेल्या बॅक बे भरणी कंपनीच्या भागासाठी लोक त्याच्या कित्येक पट रक्कम मोजत होते. युद्ध संपले आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी सारा डोलारा कोसळला. बँक ऑफ बॉम्बे त्यातून सावरली नाही. १८६८मध्ये ती गुंडाळून त्याच नावाची नवी बँक उभी करावी लागली. सर दिनशा वाच्छा यांनी मुंबईच्या या आर्थिक प्रकरणावर १९१०मध्ये स्वतंत्र पुस्तकच लिहिले. प्रत्यक्ष भरलेली रक्कम आणि तिच्यावरील अधिमूल्य यांतील अंतर लोकांनी विसरणे, हा त्या काळचा रोग होता.

सहकाराने हा रोग मुळातच टाळला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये एका सभासदाला एकच मत असते, मग त्याचे भाग दहा असोत की दहा हजार. निबंधकाच्या पूर्वमंजुरीशिवाय १५ टक्क्यांहून अधिक लाभांश देता येत नाही. भाग परत करताना सभासदाला त्याने भरलेल्या रकमेपेक्षा अधिक मिळत नाही. सट्ट्याला वाव नाही, हे या रचनेचे बलस्थान होय. परंतु त्याची एक किंमतही आहे, आणि सहकारविषयक लेखनात तिची चर्चा फारशी होत नाही. भाव नसल्यामुळे संस्थेच्या प्रकृतीविषयी बाहेरच्या माणसाला मिळणारा रोजचा इशाराही नाहीसा होतो. चांगल्या बँकेचा १०० रुपयांचा भाग १०० रुपयांचा. डबघाईला आलेल्या बँकेचा भागही शेवटच्या दिवसापर्यंत १०० रुपयांचाच.

मग सहकारी संस्थेत विश्वास-अविश्वास व्यक्त कसा होतो? भाग घेणे आणि भाग परत मागणे या दोनच कृतींतून. जेथे किंमत बोलत नाही तेथे ये-जा बोलते. किती सभासद आत आले, किती बाहेर पडले, किती बाहेर पडू पाहत आहेत, हीच त्या संस्थेची बाजारपेठ. वार्षिक ताळेबंदातील एकच निव्वळ आकडा नेमकी ही ये-जा पुसून टाकतो. पाच कोटींचे नवे भाग आणि साडेचार कोटींची परतफेड यांचे उत्तर पन्नास लाख वाढ. साठ लाखांचे नवे भाग आणि दहा लाखांची परतफेड यांचेही उत्तर तेच. दोन संस्थांची प्रकृती मात्र एक नव्हे.

‘वसूल’ या शब्दाविषयी

या संदर्भात भाषेकडेही लक्ष द्यावयास हवे. इंग्रजी संज्ञा भाग घेणाराने भरलेल्या रकमेविषयी बोलते. मराठीत तिला ‘भरणा झालेले भांडवल’ हा नेटका पर्याय आहे. अहवालांनी स्वीकारलेला शब्द मात्र ‘वसूल’ हा आहे. भरणा देणाऱ्याच्या बाजूने पाहतो, वसुली घेणाऱ्याच्या बाजूने. सारा वसूल होतो, थकबाकी वसूल होते, तसे भांडवलही वसूल होते. शब्दाची निवड कोणी जाणूनबुजून केली असेल असे नव्हे. तरीही ती वस्तुस्थितीला अहवालातील मनोगतापेक्षा अधिक प्रामाणिक आहे, कारण नागरी बँकांतील भागभांडवलाचा मोठा हिस्सा स्वेच्छेने भरला जात नाही. तो कर्जातून कापला जातो.

रिझर्व्ह बँकेच्या भाग-निगडित कर्जाच्या निकषानुसार विनातारण कर्जाच्या ५ टक्के आणि तारणी कर्जाच्या २.५ टक्के रकमेचे भाग कर्जदाराने घ्यावेत असा दंडक दीर्घकाळ होता. पुरेशी भांडवल पर्याप्तता असलेल्या बँकांना तो पुढे ऐच्छिक करण्यात आला. बदलापूरच्या शिरगावात राहणाऱ्या एखाद्या काल्पनिक पगारदाराने २ लाख रुपयांचे विनातारण कर्ज घेतले असे समजू. कर्जखात्यावर २ लाख नावे पडतात, हाती १ लाख ९० हजार येतात आणि १० हजार भागखात्यात जमा होतात. घराच्या २० लाखांच्या कर्जावर हीच कपात ५० हजारांची. कर्जदाराच्या दृष्टीने हा कर्जाचा खर्च आहे. मुद्रांक आणि प्रक्रिया शुल्काच्या रांगेत तो त्याची गणना करतो. बँकेच्या दृष्टीने मात्र तिच्याच तिजोरीतून निघालेले १० हजार वळसा घेऊन तिच्याच भांडवलात आले. अहवालात तो ‘विश्वास’ म्हणून नोंदला गेला.

याचा अर्थ हे भांडवल खोटे आहे असा नाही. कर्जदाराने पूर्ण २ लाख फेडले तर ते १० हजार खरेच त्याच्या खिशातून आलेले ठरतात. कर्ज बुडाले तर मात्र त्याच्यासोबत आलेले भांडवल त्याच्यासोबतच बुडते. संकटकाळी आधार द्यावयाचा तो खांब नेमका संकटकाळीच खचतो.

भूमितीपेक्षा सोपे गणित

या कपातीचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. नागरी बँकांसाठी जोखीम-भारित मालमत्तेच्या किमान ९ टक्के भांडवल राखण्याचा दंडक दीर्घकाळ चालत आला. १ डिसेंबर २०२२च्या सुधारित चौकटीने १०० कोटी रुपयांपेक्षा अधिक ठेवी असलेल्या, म्हणजे दुसऱ्या ते चौथ्या श्रेणीतील बँकांसाठी ते १२ टक्के केले व त्यासाठी ३१ मार्च २०२६पर्यंतची टप्पेवार मुदत दिली. आता वरील उदाहरण पुन्हा पाहावे. विनातारण कर्जाला १०० टक्के जोखीम-भार धरला तर २ लाखांच्या कर्जासाठी ९ टक्क्यांच्या हिशेबाने १८ हजार भांडवल हवे. कपातीतून आले १० हजार. गृहकर्जाला ५० टक्के भार धरला तरी ४.५ टक्के हवे, आले २.५ टक्के. अर्थात प्रत्येक नवे कर्ज आपल्यासोबत जेवढे भांडवल आणते त्यापेक्षा अधिक भांडवलाची मागणी करते. फरक नफ्यातून, राखीव निधीतून भरून निघाला पाहिजे. तो निघाला नाही तर भागभांडवलाचा आकडा वर्षानुवर्षे वाढत असतानाच भांडवलाची पर्याप्तता घटत राहते.

मनोगतात अभिमानाने सांगितलेली वाढ आणि लेखापरीक्षकाच्या टिपणीतील घटते प्रमाण या दोन गोष्टी एकाच अहवालात, चाळीस पानांच्या अंतराने, सुखेनैव नांदू शकतात त्या यामुळे. वाचकाने दोन्ही पाने एकत्र ठेवून वाचावीत अशी अपेक्षा अहवालाच्या रचनेत कोठेही नसते.

महाविद्यालयीन कर्मचाऱ्यांच्या पगारदार पतसंस्थेशी याची तुलना उद्बोधक ठरेल. तेथे भागवर्गणी बहुधा दरमहा वेतनातून कापली जाते, कर्ज असो वा नसो. त्या भांडवलाची वाढ कर्जवाटपावर नव्हे तर नोकरभरतीवर आणि घट सेवानिवृत्तीवर अवलंबून असते. पदभरती थांबली आणि निवृत्तीची लाट आली की सुस्थितीतील पतसंस्थेचेही भांडवल आटते. आकडा तोच, नाव तेच. कारणे पूर्णतः निराळी.

३१ मार्चचे छायाचित्र आणि बंद दार

ताळेबंद हे एका दिवसाचे छायाचित्र असते, हे वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही जाणतो. सहकारी बँकांत तो दिवस वसुलीच्या मोहिमेचा शेवटचा दिवस असतो, म्हणजे वर्षातील सर्वांत असाधारण दिवस. मार्चअखेर कर्ज पूर्ण फेडलेला सभासद भाग परत मिळण्याचा अर्ज एप्रिलनंतर करतो. त्या अर्जाची नोंद छायाचित्रात येत नाही.

दार कसे बंद होते याचे उदाहरण अलीकडचेच आहे. २९ जून २०२०पासून लागू झालेल्या बँकिंग नियमन कायद्यातील दुरुस्तीने सहकारी बँकेच्या सभासदाचा भाग परत मागण्याचा हक्क काढून घेतला. रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या मर्यादेतच भांडवल कमी करता येईल असे ठरले. त्यानंतर ८ मार्च २०२२च्या परिपत्रकाने ९ टक्के पर्याप्तता असलेल्या आणि परतफेडीनंतरही ती टिकणाऱ्या बँकांना भाग परत करण्याची मुभा मिळाली. भांडवल टिकाऊ असावे हा या तरतुदीमागील हेतू योग्यच होता. मागताक्षणी परत द्यावे लागणाऱ्या पैशाला भांडवल म्हणणे कठीणच. परंतु मधल्या काळातील अहवालांतील भागभांडवलाची वाढ वाचताना बाहेर जाण्याचा रस्ता जवळजवळ बंद होता हे विसरता येणार नाही. दार बंद असताना खोलीत माणसे वाढली, यावरून यजमान लोकप्रिय आहे असा निष्कर्ष निघत नाही.

२३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीस खात्यातून काढता येणारी रक्कम १,००० रुपये होती. ती टप्प्याटप्प्याने १ लाखापर्यंत वाढली. एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे बँकेच्या कर्जांचा ७० टक्क्यांहून अधिक भाग गुंतलेला होता व तो हजारो बनावट खात्यांआड झाकला होता, असे तपासात पुढे आले. २५ जानेवारी २०२२ रोजी ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. चर्चा झाली ती ठेवीदारांची, आणि ते स्वाभाविक होते. ४ फेब्रुवारी २०२०पासून ठेव विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर नेण्यामागे या प्रकरणाचा वाटा होता. भागधारकांची चर्चा जवळजवळ झाली नाही. विमा ठेवीला असतो, भागाला नसतो, आणि दायित्वांच्या क्रमात भाग शेवटी येतो. छोट्या कर्जापोटी पाच-दहा हजारांचे भाग घ्यावे लागलेल्या कर्जदाराने हप्ते चुकवले नसतील, बँकेच्या कारभारात त्याचा काडीचाही संबंध नसेल; तरी तोट्याच्या रांगेत तो सर्वांत पुढे उभा असतो. आपण त्या रांगेत आहोत हे त्याला कर्जमंजुरीच्या वेळी सांगितले जात नाही.

काय दाखवता येईल

रिझर्व्ह बँकेच्या कायद्यातील कलम ४२नुसार अनुसूचित बँका जे नियतकालिक विवरण देतात त्यातील दायित्वांतून भरणा भांडवल व राखीव निधी वगळलेले असतात. ते विवरण रोख राखीव प्रमाणासाठी असल्याने वगळणे तर्कशुद्धच आहे. पण त्यामुळे ठेवींची हालचाल पंधरवड्याला कळते आणि भांडवलाची कळत नाही. संगणकीकरणापूर्वी भाग खतावणीची दर आठवड्यास बेरीज मारणे हे खरोखरच जिकिरीचे काम होते. कोअर बँकिंग आल्यावर ही सबब उरली नाही. सभासद नोंदवहीचा ‘आय’ नमुना आणि सभासद यादीचा ‘जे’ नमुना अद्ययावत ठेवणे कायद्याने आवश्यकच आहे. त्या नोंदींतून साप्ताहिक गोषवारा काढणे हे काही मिनिटांचे काम आहे.

साप्ताहिक आकडे जाहीर केल्यास घबराट पसरेल, हा आक्षेप हमखास घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. ५० हजार सभासदांच्या बँकेत एखाद्या आठवड्यात परतफेड जास्त झाली तर त्याचे कारण एखाद्या वसाहतीतील गृहकर्जे एकदम फिटणे हेही असू शकते. एका आठवड्याच्या आकड्याला कारणाविना फारसा अर्थ नसतो. म्हणून साप्ताहिक गोषवारा संचालक मंडळ व लेखापरीक्षण समितीपुढे आणि तिमाही गोषवारा सभासदांपुढे, अशी विभागणी अधिक सयुक्तिक ठरेल. मात्र घबराटीचा मुद्दा ठेवींना जेवढा लागू पडतो तेवढा भागांना पडत नाही. ठेवीदार खिडकीवर रांग लावू शकतो. भागधारकाला अर्ज करून मंडळाच्या ठरावाची वाट पाहावी लागते.

गोषवाऱ्यात निव्वळ वाढीऐवजी चार रकमा स्वतंत्र हव्यात : कर्जकपातीतून आलेले भाग, कर्जाविना स्वेच्छेने घेतलेले भाग, परत केलेले भाग, आणि परतीसाठी आलेले पण मंजूर न झालेले अर्ज. पहिल्या तीन रकमा बँकेच्या खतावणीत आजही असतात व बेरीज-वजाबाकीत विरून जातात. चौथी ताळेबंदात कोठेही नसते. ती नफ्यातोट्याची बाब नसल्याने हिशेबाच्या पारंपरिक नमुन्यात तिला रकाना नाही. अर्ज शाखेतील फाइलमध्ये राहतो, सभासद अधूनमधून चौकशी करून परत जातो, आणि पुढच्या वार्षिक अहवालात त्याचे दहा हजार रुपये वसूल भागभांडवलाच्या ओळीत पुन्हा एकदा मोजले जातात.